एकट्याचं बिऱ्हाड

1998 साली अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर ‘स्टाइल अँड सबस्टन्स’ नावाची विनोदी मालिका आली. घर कसं सजवावं, पंगत कशी मांडावी हे जगाला शिकवणारी आणि स्वतःपलीकडे कुणाकडे न बघणारी बाई ही तिची नायिका. जीन स्मार्टने काम छान केलं, तरी 13 भागांत खेळ आटोपला. अशा पात्राभोवती कुणी नसलं की विनोद लवकर आटतो, असं मला वाटतं.

जगाला सल्ले देणाऱ्या गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात मात्र माणसांची टंचाई कधीच नव्हती. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले ते एकटं राहायचं ठरवून. जमनालाल बजाजांची जमीन, माती-बांबू-कवेलूचं घर. पण या घरात, आदी निवासात, बघता बघता गर्दी झाली. आहार, झोप, मातीच्या पट्ट्या, पाणी यांवर देशभर सल्ले देणाऱ्या या गृहस्थाला त्याच वर्षी मलेरियाने गाठलं. सेगावच्या डासांना निसर्गोपचाराचं काही पडलेलं नव्हतं! शेगावशी घोळ होऊन टपाल भलतीकडे जायचं, म्हणून 1940 साली गावाचं नाव सेवाग्राम झालं.

जमलेली माणसंही अशी, की सल्लागाराने हात टेकावेत. प्राध्यापक भणसाळींनी मौनासाठी तांब्याच्या तारेने ओठ शिवून घेतले होते. कच्चं पीठ आणि कडुलिंबाचा पाला हे त्यांचं जेवण. गांधीजींनीच त्यांना थोडं माणसांत आणलं. याच भणसाळींनी चिमूर गावातल्या पोलिसी अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून 1942 च्या अखेरीस 63 दिवस उपास केला. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री आले, तेव्हा आश्रमात त्यांना ठेवायचं की नाही हा प्रश्न होता. गांधीजींनी जवळच कुटी दिली आणि त्यांचं मालिश स्वतः केलं. आरोग्यावरच्या त्यांच्या सगळ्या लिखाणापेक्षा मला हे मालिश मोठं वाटतं.

आज बापूकुटी म्हणून आपण पाहतो, ती गांधीजींच्या शिष्या मीराबहनने स्वतःसाठी बांधलेली. व्हाइसरॉयशी बोलणं व्हावं म्हणून बसवलेला टेलिफोन आणि साप न मारता पकडायचा चिमटा आश्रमात जपून ठेवलाय.

ऑगस्ट 1946 मध्ये गांधीजी इथून गेले, ते परतले नाहीत. संस्था मात्र वाढत राहिली. 1944 च्या कस्तुरबा दवाखान्यातून पुढे 1969 साली, गांधी शताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. पहिल्या वर्षाच्या पोरांनी आश्रमात 15 दिवस राहायचं, सूत कातायचं, झाडलोट करायची, खादी घालायची, मांस-दारू वर्ज्य, हे नियम तिथलेच. प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचा वेगळा पेपरही असे. देशभरासाठी ‘नीट’ ही एकच प्रवेशपरीक्षा आली आणि तो पेपर गेला; शिबिर राहिलं.