उभ्याने घसरण्याचा हट्ट

घसरगुंडीवर बसूनच घसरायचे, हे मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. जे मूल उभ्याने घसरू पाहते, ते दुसऱ्या खेपेस मुकाट्याने बसते. तरीही १९८२ साली जपानी अभियंत्यांनी नेमका हाच हट्ट पुरविला, आणि पुढे दोन दशके अमेरिकेतल्या मोठमोठ्या उद्यानांनी तो डोक्यावर घेतला. रोलर कोस्टरच्या इतिहासातले हे प्रकरण लहान आहे. पण यंत्राने शरीराशी जुळवून घ्यायचे की शरीराने यंत्राशी, हा झगडा त्यात फार स्पष्ट दिसतो.

या खेळाचे मूळ रशियात आहे. अठराव्या शतकात सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळ्यात लाकडी मनोरे उभारून त्यांच्या उतारावर पाणी ओतीत आणि ते गोठले की घसरगाडीवर बसून लोक खाली येत. साम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिने तर ओरानियनबाउम येथे या खेळासाठी रिनाल्दी या वास्तुशिल्पकाराकडून खास प्रासाद बांधवून घेतला. १८१७ च्या सुमारास पॅरिसमध्ये बर्फाची जागा चाकांनी आणि रुळांनी घेतली. फ्रेंच लोक या खेळाला अद्याप 'रशियन डोंगर' म्हणतात, तर रशियन लोक 'अमेरिकन टेकड्या'! पाळण्यातल्या मुलाला कोणीच आपले म्हणू नये, तसा हा प्रकार.

अमेरिकेत १८८४ साली लामार्कस थॉम्प्सन याने न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर पाच सेंटांत ही सफर घडविली. वेग होता ताशी सुमारे सहा मैल. परंतु माणसाची हौस तेवढ्यावर भागत नाही. १८९५ मध्ये त्याच ठिकाणी 'फ्लिप फ्लॅप' नावाचे उभे वर्तुळ आले. ते कंपासाने आखावे तसे नेमके गोल होते, आणि तोच त्याचा दोष ठरला. सरळ रुळावरून गाडी एकाएकी वक्र रुळावर चढे, तीही वेग सर्वाधिक असताना. गोल वर्तुळ जेमतेम पार करायचे म्हटले, तरी हिशेबाने तळाशी शरीरावर आपल्या वजनाच्या सहापट भार येतो. अनेकांच्या माना लचकल्या आणि खेळ बंद पडला. तळाशी रुंद व माथ्याशी आवळलेला, पाण्याच्या थेंबासारखा आकार दिला की हा भार सुसह्य होतो. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल याने तो आकार नेमक्या गणिताने बसविला, आणि १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या 'रिव्होल्यूशन'वर लोक बिनघोर उलटे होऊ लागले.

मान वाचली, आता पायांची पाळी आली. टोगो या जपानी कंपनीने तोक्योजवळच्या योमिउरीलँडमधील एका कोस्टरवर उभ्याने जाण्याची गाडी आणली. १९८४ मध्ये ओहायोतील किंग्ज आयलंड येथे तिचाच 'किंग कोब्रा' आला. रचना अशी : बसणाऱ्याला – चुकलो, उभ्या राहणाऱ्याला – दोन पायांमध्ये सायकलच्या खोगिरासारखी लहानशी बैठक मिळे. ती त्याच्या उंचीप्रमाणे वरखाली करून अडकवीत, मग खांद्यांवरून जाड दांडे उतरत. प्रत्येकाची उंची निराळी, त्यामुळे गाडी भरण्यास वेळ लागे. गुडघे किंचित वाकवून उभे राहिल्यावर खोगीर अडकविले गेले, तर सारा प्रवास अवघडून काढावा लागे. गुडघे ताठ ठेवले, तर प्रत्येक धक्का थेट कण्यातून डोक्यात जाई. शिवाय उभ्या माणसाचे डोके रुळापासून अधिक उंच असल्याने गाडीची बारीकशी थरथरही तिथे मोठी होऊन पोहोचते. रक्तही अधिक लांब उतरते. लढाऊ विमानात वैमानिकाला काहीसे मागे रेलून बसविण्याचा जो हेतू, त्याच्या अगदी उलट हे झाले.

तरीही गर्दी होतच राहिली. स्वित्झर्लंडच्या बोलिजर आणि माबिलार्ड यांच्या कंपनीने १९९० साली शिकागोजवळ उभारलेला आपला पहिलाच कोस्टर, 'आयर्न वुल्फ', उभ्याने जाण्याचाच होता. १९९८ मध्ये त्यांचाच 'रिडलर्स रिव्हेंज' लॉस एंजेलिसच्या उत्तरेस आला : उंची १५६ फूट, वेग ताशी ६५ मैल, सहा वेळा उलटे होणे. माझ्या मते हा या हट्टाचा कळस होता. पुढच्याच वर्षी जॉर्जियात आणखी एक झाला, आणि मग या घडणीचे मोठे नवे काम थांबले. २००१ मध्ये 'किंग कोब्रा' बंद झाला. ओहायोतीलच सीडर पॉइंट येथे १९९६ पासून 'मँटिस' धावत होता; २०१५ साली त्याचे रूळ तेच ठेवून गाडी बदलली, बसण्याची आसने लावली आणि नावही 'रूगारू' केले.

२०२३ मध्ये मात्र त्याच स्विस कंपनीने फ्लोरिडातल्या ऑर्लँडो येथे 'पाइपलाइन' आणले. यात माणूस लाटेवरच्या फळीवर उभा असल्यासारखा उभा राहतो. पण खोगीर घट्ट अडकविलेले नसते. प्रवासात ते शरीराबरोबर वरखाली होते, आणि गुडघ्यांना वाकण्याची मुभा मिळते.