अमेरिकेत एल्कच्या शिकारीसाठी आधी नकाशा का लागतो?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हौसेसाठी शिकार करता येत नाही. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात मात्र परवाना घेऊन हरीण आणि एल्कची शिकार करता येते. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही मोठं हरीण. पण हातात परवाना असला, तरी कुठेही शिरता येत नाही. खरी अडचण जमिनीची आहे.

बुद्धिबळाचा पट

१८६२ पासून सरकारने रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंचे एक चौरस मैलाचे तुकडे एकाआड एक दिले. मधले तुकडे सरकारकडे राहिले. म्हणून दक्षिण वायोमिंगचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. सरकारी तुकड्यावर शिकार चालते, पण अनेकदा तिथे पोहोचायला रस्ताच नसतो.

शिडीचा खटला

२०२१ मध्ये मिसुरीचे चार शिकारी एल्क माउंटनवर गेले. जिथे चार तुकड्यांचे कोपरे मिळतात, तिथे शिडी लावून ते एका सरकारी तुकड्यातून दुसऱ्या सरकारी तुकड्यात उतरले. खासगी जमिनीला पायही लागला नाही. मालकाचं म्हणणं होतं की जमिनीवरची हवाही त्याचीच. फौजदारी खटल्यात २०२२ मध्ये चौघे निर्दोष सुटले. दिवाणी दाव्यात मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने १८८५ च्या कायद्याच्या आधारे त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकारी जमिनीची वाट अडवता येत नाही, असा हा कायदा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकाचं अपील ऐकायला नकार दिला. हा निकाल वायोमिंग, कोलोरॅडोसह सहा राज्यांना लागू आहे. शेजारच्या मोंटानाला नाही.

मग तयारी कशी करतात?

- परवाना: तो ठरावीक विभाग आणि तारखांपुरताच असतो. बाहेरच्या राज्यातल्यांना एल्कसाठी सोडतीत नंबर लागावा लागतो.
- हद्द: जीपीएस ॲपवर मालकीच्या रेषा पाहतात. कोपरा चुकला, तर ती घुसखोरीच.
- परवानगी: खासगी जमिनीसाठी मालकाला आधीच विचारावं लागतं. जखमी जनावर त्याच्या हद्दीत पळालं, तरी न विचारता मागे जाता येत नाही.
- परतीची वाट: नर एल्क ३०० किलोच्या आसपास भरतो. डोंगरातून मांस पाठीवर वाहून आणायला अनेक खेपा लागतात. खाण्याजोगं मांस टाकून येणं गुन्हा आहे.

म्हणून अनुभवी शिकारी आधी जनावर नाही, परतीची वाट शोधतात. ती सापडली नाही, तर गोळी झाडतच नाहीत.