लर्लीनबाईंची उमेदवारी

बैठकीत हप्ते भरून झाले, वही मिटली की आम्ही जरा लांबच्या गोष्टी काढतो. आजची गोष्ट अमेरिकेतल्या अलाबामा राज्याची.

तिथे नोव्हेंबर २०२६ मध्ये गव्हर्नरची निवडणूक आहे. आपल्याकडे राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. तिथला गव्हर्नर लोक मत देऊन निवडतात आणि राज्याचा कारभार तोच बघतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. सध्या तिथे के आयव्ही या बाई आहेत. लागोपाठ दोनदा निवडून आल्यावर लगेच तिसऱ्यांदा उभे राहता येत नाही, म्हणून त्या थांबणार.

पूर्वी तर लागोपाठ दुसऱ्यांदाही मनाई होती. १९६३ साली गव्हर्नर झालेले जॉर्ज वॉलेस यांना ती जाचू लागली. काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवायचा हट्ट धरणारे हे गृहस्थ. १९६५ मध्ये त्यांनी राज्याची घटना बदलायचा घाट घातला, पण सिनेटने तो हाणून पाडला. मग १९६६ मध्ये त्यांनी बायकोला उभे केले. वॉर्ड महिला राखीव झाला की काय होते, ते तुम्हाला आम्ही काय सांगावे!

लर्लीनबाई लग्नाआधी दुकानात माल विकायच्या. पुढे चार मुले झाली. १९६१ मध्ये शेवटच्या बाळंतपणात, सिझेरियन करताना डॉक्टरांना कॅन्सरची शंका आली. त्यांनी ती नवऱ्याला सांगितली, बाईंना नाही. नवराही गप्प राहिला. १९६५ मध्ये गर्भाशयाचा कॅन्सर निघाला, तेव्हा कुठे बाईंना जुनी गोष्ट कळली. शरीर त्यांचे, आणि चार वर्षे त्यांनाच पत्ता नाही! जानेवारी १९६६ मध्ये पिशवी काढली, फेब्रुवारीत उमेदवारी जाहीर. आपल्याकडे पिशवी काढलेल्या बाईला महिनाभर घागर उचलू देत नाहीत. ही बाई राज्यभर सभा घेत फिरली.

पक्षांतर्गत निवडणुकीत समोर नऊ पुरुष होते, त्यांत दोन माजी गव्हर्नर. सगळे हरले. नोव्हेंबरात बाईंना सुमारे ६३ टक्के मते पडली. कारभार नवराच बघणार, हे लपवलेले नव्हते. वर्षाला एक डॉलर पगारावर ते बाईंचे सल्लागार झाले.

पण त्यांना नुसती बाहुली म्हणणे आम्हाला पटत नाही. १९६७ मध्ये त्यांनी मनोरुग्णांचे सरकारी दवाखाने स्वतः जाऊन पाहिले आणि त्यांच्यासाठी पैसे मंजूर करून घेतले. शाळांतल्या वर्णभेदावर मात्र त्यांनी नवऱ्याचेच धोरण पुढे रेटले. गव्हर्नर बाई आहे म्हणून तिथल्या काळ्या आयांनी कशाला आनंद मानावा?

७ मे १९६८ रोजी, अवघ्या ४१ व्या वर्षी त्या गेल्या. त्याच वर्षी घटना बदलली आणि लागोपाठ दोनदा गव्हर्नर होण्याची वाट मोकळी झाली. जॉर्ज वॉलेस १९७० आणि १९७४ मध्ये निवडून आले.

लर्लीनबाईंनंतर अलाबामात निवडून आलेल्या दुसऱ्या बाई के आयव्हीच, २०१८ मध्ये. मध्ये ५२ वर्षे गेली. कॉलेजात असताना त्यांनी लर्लीनबाईंच्या प्रचारात काम केले होते.