बास मासेमारी

बास मासेमारी हा गोड्या पाण्यातील ‘ब्लॅक बास’ या माशांना काठी, रीळ आणि गळ वापरून पकडण्याचा क्रीडाप्रकार आहे. त्याचा उगम उत्तर अमेरिकेत झाला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो अतिशय लोकप्रिय असून जपान, दक्षिण आफ्रिका, मेक्सिको, स्पेन इत्यादी देशांतही त्याचा प्रसार झाला आहे. या मासेमारीचा मुख्य हेतू आता अन्न मिळवणे हा राहिलेला नसून पकडलेला मासा जिवंत परत सोडणे हा तिचा सर्वमान्य शिष्टाचार झाला आहे. मात्र ज्या देशांत हा मासा बाहेरून आणला गेला तेथे तो स्थानिक जलचरांना घातक ठरल्यामुळे हाच शिष्टाचार वादाचा विषय बनला आहे.

मासा

ब्लॅक बास हे नाव मायक्रोप्टेरस या प्रजातीतील माशांना दिले जाते. ही प्रजाती सेंट्रार्किडी कुलातील आहे. लार्जमाउथ बास (मोठ्या तोंडाचा), स्मॉलमाउथ बास (लहान तोंडाचा) आणि स्पॉटेड बास (ठिपकेदार) या तिच्यातील प्रमुख जाती होत. फ्रेंच निसर्गवैज्ञानिक लासेपेद यांनी १८०२ मध्ये प्रजातीचे नामकरण केले. मायक्रोप्टेरस या शब्दाचा अर्थ ‘लहान पर असलेला’ असा आहे. लासेपेद यांच्यासमोरील नमुन्याचा पाठीवरचा पर फाटलेला होता; तुटलेल्या भागालाच स्वतंत्र लहान पर समजल्याने हे नाव पडले आणि पुढे ते कायम राहिले.

कोकणच्या खाड्यांमध्ये आढळणाऱ्या जिताड्यालाही इंग्लिशमध्ये ‘एशियन सी बास’ म्हणतात. परंतु जिताडा लॅटिडी या वेगळ्या कुलातील असून ब्लॅक बासशी त्याचे निकटचे नाते नाही.

लार्जमाउथ बास हा दबा धरून शिकार करणारा मासा आहे. पाणवनस्पती, बुडालेली झाडे, खडक किंवा धक्क्याची सावली यांच्या आडोशाला तो थांबतो आणि लहान मासे, बेडूक, झिंगे व कीटक जवळ येताच झडप घालतो. नजरेबरोबरच शरीराच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पार्श्वरेखेने त्याला पाण्यातील कंपने जाणवतात. त्यामुळे गढूळ पाण्यातही तो भक्ष्य हेरू शकतो. स्मॉलमाउथ बास तुलनेने थंड, स्वच्छ आणि खडकाळ तळाच्या पाण्यात राहतो.

इतिहास

केंटकी राज्यातील पॅरिस गावचे घड्याळजी जॉर्ज स्नायडर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दंतचक्रांचे रीळ बनवले. मूठ एकदा फिरवली की दोर गुंडाळण्याचे चाक अनेकदा फिरे. पुढे केंटकीतील इतर घड्याळजींनी आणि कारागिरांनी या रिळात सुधारणा केल्या व ‘केंटकी रीळ’ म्हणून ते प्रसिद्ध झाले.

त्या काळी प्रतिष्ठित गळमासेमारी म्हणजे ट्राउट व सामन या माशांची, असा समज होता. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या जेम्स हेन्शॉल यांनी १८८१ मध्ये ‘बुक ऑफ द ब्लॅक बास’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून वजनाच्या मानाने झुंजीत बासची बरोबरी करणारा मासा नाही, असे प्रतिपादन केले. याच शतकाच्या अखेरीस मिशिगन राज्यात जेम्स हेडन यांनी लाकूड कोरून आमिषे बनवण्यास सुरुवात केली. त्यांनी तळ्यात सहज भिरकावलेल्या लाकडाच्या तुकड्यावर बासने झडप घातली आणि त्यातून त्यांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे.

या खेळाचा खरा विस्तार विसाव्या शतकाच्या मध्यावर झाला. धरणांमुळे दक्षिणेकडील राज्यांत मोठे जलाशय निर्माण झाले आणि त्यांतील बुडालेली वने बासला मानवली. १९४८ मध्ये लुइझियानातील होम्स थर्मन यांनी ‘स्कीटर’ ही केवळ बास मासेमारीसाठी घडवलेली होडी तयार केली. १९४९ मध्ये ओहायोतील निक क्रीम यांनी मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ बनवला. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस कार्ल लोरन्स यांनी होडीत नेता येईल असे ध्वनिलहरींवर चालणारे मासेशोधक यंत्र बाजारात आणले. त्यानंतर पाण्याची खोली, तळाची घडण आणि माशांचे थवे होडीत बसून कळू लागले.

साधने

काठी व रीळ

सध्याच्या काठ्या प्रामुख्याने कार्बन तंतूंच्या असून त्यांची लांबी सामान्यतः साडेसहा ते साडेसात फूट असते. रिळाचे दोन मुख्य प्रकार आहेत. ‘बेटकास्टिंग’ रिळात दोराचे चाक स्वतः फिरते आणि त्याचा वेग अंगठ्याने आवरावा लागतो. आमिषाची गती मंदावूनही चाक फिरत राहिले तर दोराचा गुंता होतो. मासेमार त्याला ‘पक्ष्याचे घरटे’ म्हणतात. जड आमिष, जाड दोर आणि दाट झाडोरा असेल तेथे हे रीळ उपयुक्त ठरते. ‘स्पिनिंग’ रिळात चाक स्थिर राहते व दोर त्याच्या कडेवरून सुटतो. हलकी आमिषे आणि बारीक दोर यांसाठी ते सोयीचे असून नवशिक्यांनाही लवकर जमते.

काठीचा ताठपणा आमिषानुसार निवडला जातो. एकेरी जाड गळ माशाच्या जबड्यात रोवण्यासाठी ताठ काठी लागते. तीन टोकांचे बारीक गळ असलेल्या आमिषांसाठी लवचीक काठी बरी. ताठ काठीच्या हिसक्याने असे गळ माशाच्या तोंडातून निसटण्याचा संभव असतो.

दोर

दोर तीन प्रकारचे असतात. नायलॉनचा एकपदरी दोर, म्हणजे मराठी मासेमारांच्या परिचयाचा तंगूस, स्वस्त असून ताणला जातो. फ्लुरोकार्बनचा दोर पाण्यात बुडतो व कमी दिसतो. त्यामुळे स्वच्छ पाण्यात तो पसंत केला जातो. विणलेला दोर त्याच जाडीत कितीतरी अधिक भार पेलतो आणि जवळजवळ ताणला जात नाही. म्हणून दाट वनस्पतींतून मासा ओढून काढण्यासाठी तो वापरतात.

आमिषे

बास मासेमारीत कृत्रिम आमिषांना प्राधान्य असून स्पर्धांमध्ये बहुधा त्यांनाच परवानगी असते. प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत:

• मऊ प्लॅस्टिकची आमिषे – गांडूळ, सरडा, झिंगा इत्यादींच्या आकाराची. तळालगत संथपणे हलवतात.
• क्रँकबेट – माशाच्या आकाराचे कठीण आमिष. पुढे बसवलेल्या पट्टीमुळे ओढताच ते डोलत खाली जाते. पट्टीच्या आकारावर व कोनावर खोली अवलंबून असते.
• स्पिनरबेट – वाकवलेल्या तारेवर गरगरणारी धातूची पाती असलेले आमिष. गढूळ पाण्यात त्याची कंपने उपयोगी पडतात.
• जिग – शिशाच्या किंवा टंगस्टनच्या डोक्यात गळ ओतलेले व रबरी झालर लावलेले आमिष.
• पृष्ठभागावरील आमिषे – पाण्यावर खळखळाट करणारी किंवा नागमोडी चालणारी. पोकळ रबरी बेडूक पाणवनस्पतींच्या गालिच्यावरूनही ओढता येतो.

तंत्रे

ऋतुमान

बास मासेमारीतील अनुभवाचा मोठा भाग म्हणजे दिलेल्या दिवशी मासा कोठे असेल याचा अंदाज. वसंतात पाण्याचे तापमान सुमारे १५ अंश सेल्सियसच्या वर गेले की लार्जमाउथ बास उथळ पाण्यात येतो. नर शेपटीने तळ साफ करून घरटे करतो आणि अंडी व पिले यांची राखण करतो. उन्हाळ्यात मासे खोल पाण्यात किंवा दाट सावलीत जातात आणि पहाटे व संध्याकाळी अधिक चरतात. शरद ऋतूत लहान माशांच्या थव्यांमागे ते खाडीसारख्या चिंचोळ्या भागांत शिरतात. हिवाळ्यात त्यांची हालचाल मंदावते, म्हणून आमिषही संथ चालवावे लागते.

घरट्यावरील नर कोणत्याही आगंतुकावर धावून जात असल्याने त्या काळात तो सहज पकडला जातो. तो घरट्यापासून दूर असताना इतर मासे अंडी व पिले फस्त करतात. या कारणास्तव कॅनडातील ऑन्टॅरिओसारख्या काही प्रांतांत प्रजननकाळात बास मासेमारी बंद ठेवली जाते.

प्रमुख पद्धती

‘टेक्सास’ पद्धतीत दोरावर गोळीच्या आकाराचे वजन ओवून गळाचे टोक प्लॅस्टिकच्या गांडुळात दडवतात, त्यामुळे तो झाडोऱ्यात अडकत नाही. ‘कॅरोलायना’ पद्धतीत वजन आमिषापासून काही अंतरावर बांधतात. वजन तळावरून घासत जाते आणि आमिष मागून तरंगत येते. ‘ड्रॉप शॉट’ पद्धतीत वजन दोराच्या टोकाला व गळ त्याच्या वर असतो, त्यामुळे आमिष एकाच जागी तळाच्या थोडे वर थरथरत ठेवता येते. ‘वॅकी’ पद्धतीत गळ गांडुळाच्या मधोमध टोचतात व ते दोन्ही टोके हलवीत बुडते.

‘फ्लिपिंग’ हे तंत्र सत्तरीच्या दशकात कॅलिफोर्नियातील डी थॉमस यांच्यामुळे प्रसिद्ध झाले. यात लांब काठीने जिग लंबकासारखा झुलवून जवळच्या झाडोऱ्यात आवाज न करता सोडला जातो. बास अनेकदा आमिष बुडत असतानाच तोंडात घेतो. अशा वेळी झटका न जाणवता दोर केवळ बाजूला सरकतो किंवा अकाली सैल पडतो. म्हणून हाताइतकेच दोराकडे लक्ष ठेवणे आवश्यक मानले जाते.

स्पर्धा

आलाबामातील विमाविक्रेते रे स्कॉट यांनी जून १९६७ मध्ये आर्कान्सा राज्यातील बीव्हर जलाशयावर बास मासेमारीची स्पर्धा भरवली आणि पुढील वर्षी ‘बास अँगलर्स स्पोर्ट्समन सोसायटी’ ही संस्था स्थापन केली. संस्थेची ‘बासमास्टर क्लासिक’ ही स्पर्धा १९७१ मध्ये प्रथम नेव्हाडातील मीड सरोवरावर झाली. तीत बॉबी मरे विजयी झाले.

रोलंड मार्टिन यांनी ‘पॅटर्न’ ही संकल्पना रूढ केली. खोली, आडोसा, पाण्याचा रंग आणि आमिषाचा वेग यांचा जो मेळ एके ठिकाणी मासा देतो तोच जलाशयात इतरत्र शोधावा, असे तिचे स्वरूप आहे. मार्टिन नऊ वेळा वर्षातील सर्वोत्तम मासेमार ठरले.

प्रदीर्घ कारकिर्दीचे उदाहरण म्हणून रिक क्लन यांचा उल्लेख केला जातो. १९४६ मध्ये जन्मलेल्या क्लन यांनी संगणक क्षेत्रातील नोकरी सोडून हा व्यवसाय पत्करला आणि १९७६, १९७७, १९८४ व १९९० अशी चार वेळा ‘क्लासिक’ जिंकली. फ्लोरिडातील सेंट जॉन्स नदीवर त्यांनी २०१६ मध्ये वयाच्या ६९ व्या वर्षी आणि पुन्हा २०१९ मध्ये ७२ व्या वर्षी स्पर्धा जिंकली. शारीरिक बळापेक्षा पाण्याच्या निरीक्षणाला या खेळात किती महत्त्व आहे, हे त्यांच्या कारकिर्दीवरून दिसून येते.

विश्वविक्रम

लार्जमाउथ बासचा विक्रम जॉर्ज पेरी यांच्या नावावर आहे. महामंदीच्या काळात, २ जून १९३२ रोजी, जॉर्जिया राज्यातील माँटगोमेरी सरोवरात या तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंस (सुमारे १०.०९ किलोग्रॅम) वजनाचा बास पकडला. वजनाची नोंद झाल्यावर घरच्यांनी तो मासा खाल्ला.

२ जुलै २००९ रोजी जपानमधील बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी जिवंत ब्लूगिल मासा आमिष म्हणून वापरून किंचित अधिक वजनाचा (सुमारे १०.१२ किलोग्रॅम) बास पकडला. आंतरराष्ट्रीय नियमानुसार या वजनगटात जुना विक्रम मोडण्यासाठी किमान दोन औंसांचा फरक आवश्यक असतो. तो नसल्याने जानेवारी २०१० मध्ये दोघांनाही विक्रमाचे समान मानकरी ठरवण्यात आले.

‘पकडा व सोडा’ पद्धत

सुरुवातीच्या स्पर्धांत वजन केलेले मासे मरत असत. रे स्कॉट यांनी कोलोरॅडोत ट्राउट मासेमारांना मासे परत सोडताना पाहिले आणि १९७२ पासून आपल्या स्पर्धांत मासे जिवंत ठेवण्याचा आग्रह धरला. हवा खेळवलेली पाण्याची टाकी होडीत ठेवणे आणि मृत माशासाठी गुण कापणे हे नियम यातून रुळले.

सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. गळ घशात खोल रुतणे, उन्हाळ्यातील गरम पाणी, टाकीतील प्राणवायूची कमतरता आणि खोल पाण्यातून झपाट्याने वर आणल्यामुळे फुगलेला वाताशय ही मृत्यूची प्रमुख कारणे आहेत. म्हणून मासा ओल्या हातांनी धरावा, पाण्याबाहेर अल्पकाळ ठेवावा आणि मोठ्या माशाला केवळ जबड्याने आडवे न तोलता पोटाखाली दुसऱ्या हाताचा आधार द्यावा, असे सुचवले जाते.

मूळ प्रदेशाबाहेरील परिणाम

खेळासाठी बासचे बीज अनेक देशांत नेण्यात आले. ग्वाटेमालातील आतित्लान सरोवरात १९५८ च्या सुमारास तो सोडला गेला. तेथील लहान मासे व खेकडे त्याने फस्त केले. केवळ याच सरोवरात राहणारी आतित्लान ग्रीब ही पाणबुडी पुढे नामशेष झाली. तिच्या ऱ्हासाच्या कारणांत बासची गणना होते.

जपानमध्ये १९२५ मध्ये उद्योजक तेत्सुमा आकाबोशी यांनी आशी सरोवरात बास आणला. पुढे तो देशभर पसरला आणि बिवा सरोवरातील स्थानिक माशांना त्याची झळ बसली. ‘फुनाझुशी’ हा पारंपरिक पदार्थ ज्या निगोरोबुना माशापासून होतो तो त्यांपैकीच एक. २००३ पासून शिगा प्रांतात पकडलेला बास परत सोडण्यास मनाई असून सरोवराकाठी असे मासे टाकण्यासाठी पेट्या ठेवल्या आहेत. २००५ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने जिवंत बास पाळणे, नेणे व सोडणे यांवर देशभर निर्बंध आले. कुरिता यांचा विक्रमी मासा मिळाला तो याच सरोवरात, आणि त्यासाठी आमिष म्हणून वापरलेला ब्लूगिल हादेखील अमेरिकेतून आलेला मासा आहे. यामुळे बिवाकाठी एकीकडे बास मासेमारीवर अवलंबून असलेले होडीचालक व दुकानदार आणि दुसरीकडे पारंपरिक मच्छीमार व निसर्गसंवर्धक असे दोन पक्ष निर्माण झाले आहेत. मूळ प्रदेशात मासा सोडणे हे संवर्धन मानले जाते, तर तेथे तीच कृती नियमभंग ठरते.