‘कॉर्न लॉज’मधलं कॉर्न

१. कॉर्न : हा शब्द वाचताच आजच्या मराठी वाचकाला मक्याचं कणीस आठवेल. पण या प्रकरणातले ‘कॉर्न लॉज’ मक्यासाठी केलेले कायदे नव्हेत. ब्रिटनमध्ये कॉर्न म्हणजे धान्य, त्यातही त्या त्या मुलखाचं मुख्य धान्य : इंग्लंडात गहू, स्कॉटलंडात ओट. देशी गव्हाचा भाव क्वार्टर या धान्याच्या मापामागे ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही, असं १८१५च्या कायद्याने ठरवलं. जमीनदारांचं फावलं, गिरणीकामगाराचा पाव महागला. इथे कॉर्न म्हणजे धान्य, म्हणून मजकुरात सर्वत्र ‘धान्य कायदे’ असंच म्हटलं आहे.

अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी मक्याला ‘इंडियन कॉर्न’ म्हटलं. यातल्या ‘इंडियन’चा आपल्याशी काही संबंध नाही, ते तिथले मूळ रहिवासी. पुढे विशेषण गळालं आणि नुसतं कॉर्न उरलं. तेच आपल्याकडे स्वीट कॉर्न होऊन आलं. गंमत अशी की आयर्लंडात बटाट्याचं पीक कुजल्यावर पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी १८४५ मध्ये अमेरिकेतून गुपचूप मागवलं ते धान्य मकाच होतं, तेव्हा मका या कथेत मागच्या दाराने येतोच. १८४६ साली पील यांनीच धान्य कायदे रद्द करवून घेतले. त्यापायी त्यांचा पक्ष फुटला.

‘कॉर्न्ड बीफ’मध्ये मात्र धान्य नसतं, तिथे कॉर्न म्हणजे मिठाचे जाडे खडे. पायाला होणाऱ्या कुरुपालाही इंग्रजीत कॉर्नच म्हणतात, पण तो शब्द निराळा, शिंग या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला.