तळेगावचे तळे, मावळची वाट आणि मागे राहिलेली नदी

११ जानेवारी १७७९ च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने आपल्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून दिल्या. बरोबरचे बरेचसे सामान जाळून टाकले आणि अडीच हजारांवर सैनिक काळोखात घाटाच्या दिशेने मागे फिरले. बोरघाट चढून पुण्यावर चालून आलेली ही फौज दोनच दिवसांपूर्वी, ९ जानेवारीला, तळेगावात पोचली होती. तिच्या हाती लागले ते उद्ध्वस्त केलेले गाव. दाणा नाही, वैरण नाही, आणि भोवती महादजी शिंद्यांच्या नेतृत्वाखालचे मराठी सैन्य. पुढे वडगावला कंपनीची पुरती कोंडी झाली आणि वडगावचा करार झाला. तो सर्वांना ठाऊक असतो. कार्ल्याजवळ पडलेला 'इष्टुर फाकडा'ही लोककथेत शिरला आहे. तळ्यातल्या तोफांची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही.

मला ती घटना मावळच्या इतिहासाची एक खूण वाटते. वाट दुसऱ्या कुणाच्या तरी मुक्कामाला जाणारी, तिच्यावरून जाणारे परके, आणि जड झालेले ओझे टाकायला हाताशी असलेले गावचे पाणी. या खोऱ्याची आखणी ज्यांनी ज्यांनी केली त्यांनी आधी वाट पाहिली. नदी दिसली ती फार उशिरा, आणि कचरा त्याहूनही उशिरा.

वाटेचे वय मोठे आहे. कार्ल्याच्या लेण्यात सातवाहनकाळातला एक आदेश कोरलेला आहे. तो मामाड येथील अमात्याला उद्देशून आहे आणि त्यात वलूरक लेण्यांतल्या भिक्षूंना करजक गाव दिल्याचे म्हटले आहे. वलूरक म्हणजे आजचे कार्ले. मामाड किंवा मामाल म्हणजे आपले मावळ. म्हणजे हे नाव कागदोपत्री, खरे तर दगडोपत्री, प्रथम येते ते एका प्रशासकीय विभागाचे नाव म्हणून. कार्ले, भाजे ही लेणी इंद्रायणीच्या खोऱ्यात आणि बेडसे पवनेच्या खोऱ्यात. तिन्ही कोकणातून वर येणाऱ्या व्यापारी मार्गाच्या आधाराने उभी राहिली. घाट चढून आलेल्या तांड्याला पूर्वेकडे उतरत जाणारी नदीकाठची जमीन आयतीच मिळे. वाट नदीने दिली, पण नोंद वाटेची राहिली.

तळेगाव दाभाडे या दोन नद्यांच्या मधोमध आहे. उत्तरेला इंदोरीकडे इंद्रायणी, दक्षिणेला सोमाटण्याकडे पवना. गाव मात्र स्वतःचे नाव नदीवरून सांगत नाही, तळ्यावरून सांगते. खंडेराव दाभाड्यांना शाहूमहाराजांनी १७१७ मध्ये सेनापतिपद दिले. १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत त्रिंबकराव पडल्यावर दाभाड्यांच्या सत्तेला उतरती कळा लागली, तरी गावाला त्यांचे नाव चिकटले ते कायमचे. त्या काळात पाण्याची व्यवस्था ही गावापुरती गोष्ट होती: तळे, विहिरी, नदीचा घाट. पाणी गावाचे आणि घाणही गावाचीच. एकाची घाण दुसऱ्याच्या घागरीत जाईल इतकी वस्ती दाट नव्हती.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी हाती घेतलेल्या कामांत बोरघाटाचा रस्ता होता. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या हस्ते तो चाकाच्या गाड्यांसाठी खुला झाला. १४ जून १८५८ ला खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली. खाली खोपोलीपर्यंत आगगाडी, वर खंडाळ्यापासून आगगाडी आणि मधला घाट प्रवाशांनी पालखीतून किंवा तट्टावरून चढायचा, अशी काही वर्षे गेली. घाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला. त्या कामावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. किती दगावले याचा अंदाजच करता येतो, आणि तो अंदाज अंगावर काटा आणणारा आहे.

रेल्वेने तळेगावला मुंबई आणि पुणे यांच्या मधले एक स्टेशन केले. चांगली हवा, रेल्वेची सोय आणि पुण्याची जवळीक यांमुळे विजापूरकरांचे समर्थ विद्यालय इथे आले आणि १९०८ मध्ये पैसाफंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळ्यांनी दारोदार हिंडून पैसा पैसा गोळा केला, त्याची ही भट्टी. स्वदेशीच्या इतिहासात तळेगावला जे स्थान आहे ते या काचेमुळे. त्याच सुमारास काही मैल पश्चिमेला दुसरे एक काम सुरू होत होते. मावळच्या पाण्याचा इतिहास त्याने बदलला.

टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी १९११ मध्ये लोणावळ्याला झाली. इंद्रायणीच्या उगमाकडचे, बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी लोणावळा, वळवण, शिरोता येथे अडवायचे आणि सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला खोपोलीत सोडायचे, अशी ती योजना होती. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. १९२२ च्या सुमारास आंद्रा नदीवरच्या ठोकळवाडीचे पाणीही असेच भिवपुरीकडे वळवले गेले. वीज तयार करून हे पाणी पाताळगंगेला आणि उल्हास नदीला मिळते. आंद्रा ही इंद्रायणीची उपनदी. म्हणजे इंद्रायणीच्या पावसाळी पाण्यातला मोठा वाटा घाटमाथ्यावरूनच माघारी जातो. शेजारच्या मुळशीत १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला तो जमिनी बुडण्याविरुद्ध. नदीच्या वतीने, म्हणजे खालच्या अंगाला उरणाऱ्या पाण्याच्या वतीने बोलणारे तेव्हा कुणी नव्हते. त्या काळात तो प्रश्न सुचण्यासारखाही नव्हता. आज आळंदीच्या घाटावर पाण्यावर फेस तरंगताना दिसतो तेव्हा वरून येणाऱ्या सांडपाण्याची चर्चा होते. सांडपाण्याला पातळ करणारे वरचे पाणी शंभर वर्षांपूर्वीच दुसरीकडे गेले, हे त्या चर्चेत सहसा येत नाही.

स्वातंत्र्यानंतर आखणीला कायद्याचे रूप आले. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम हा त्याचा पाया. त्याखाली पुणे प्रदेशाची योजना १९९७ मध्ये मंजूर झाली. ३१ मार्च २०१५ ला पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याने २०२१ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला, त्यावर हजारो हरकती आल्या आणि २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द केला. आखणीचे कागद असे रखडत असताना जमिनीवरची कामे थांबली नव्हती. १९७८ मध्ये पुणे–लोणावळा लोकल सुरू झाली होती. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला. तळेगावच्या औद्योगिक क्षेत्रात २००८ मध्ये जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना आला, २०२० च्या अखेरीस बंदही पडला आणि नंतर ह्युंदाईने तो घेतला. तळेगाव–चाकण रस्त्यावरच्या कंटेनरांच्या रांगा हा आता इथल्या रोजच्या बोलण्याचा विषय आहे. आता होणाऱ्या वर्तुळाकार रस्त्याचे एक टोकही जवळच, पवनाकाठच्या उर्से गावी आहे.

या नकाशांत नदी येते ती दोन रेषांच्या रूपाने. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा. निळीच्या आत बांधकाम नको, निळी आणि लाल यांच्या मध्ये अटींसह. रेषा आवश्यकच आहेत. पण त्यांतून दिसते ती फक्त पुरातली नदी. चैत्र-वैशाखातल्या नदीत किती पाणी हवे, त्यात काय मिसळलेले चालेल, हे त्या रेषा सांगत नाहीत.

कुरवंड्याहून निघून तुळापूरला भीमेस मिळेपर्यंत इंद्रायणी शंभर किलोमीटरांहून थोडी अधिक वाहते. तेवढ्या वाटेत तिच्या काठावर किंवा तिच्या पाणलोटात लोणावळा, तळेगाव आणि आळंदीच्या नगरपरिषदा, वडगाव आणि देहूच्या नगरपंचायती, देहूरोडचे कटक मंडळ, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि अनेक ग्रामपंचायती येतात. कारखान्यांची वसाहत वेगळीच. केरकचरा उचलणे हे १९६५ च्या कायद्याने नगरपरिषदेचे बंधनकारक काम. ग्रामपंचायतीचा कायदा निराळा, कटक मंडळाचा निराळा. रस्ता सलग आखतात. कचरा मात्र हद्दीहद्दीने मोजतात. त्यामुळे प्रत्येकाचा डेपो आपल्या वस्तीच्या कडेला, म्हणजे बहुधा शेजाऱ्याच्या तोंडाशी. लोणावळ्याचा कचरा वरसोलीला, पिंपरी-चिंचवडचा इंद्रायणीजवळच्या मोशीला, पुण्याचा वर्षानुवर्षे उरुळी-फुरसुंगीला. मोशीत कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला. २००० च्या घनकचरा नियमांचा रोख नगरपालिकांवर होता. २०१६ च्या नियमांनी कक्षा वाढवली, लहान गावांनी एकत्र येऊन सामायिक भरावभूमी करावी अशी वाटही दाखवली. वाट चांगली आहे. फक्त ती जागा कोणत्या गावाच्या शिवारात, या प्रश्नाला कोणत्याही नियमात उत्तर नाही.

पाण्याच्या बाबतीत हाच प्रश्न रक्त सांडण्यापर्यंत गेला. गो. नी. दांडेकरांनी 'पवनाकाठचा धोंडी' लिहिला त्यानंतर तुंगच्या पायथ्याशी पवना धरण झाले आणि त्या परिसरातली जमीन पाण्याखाली गेली. धरणातून पाणी नदीपात्रात सोडायचे आणि रावेतला उचलून पिंपरी-चिंचवडला द्यायचे, अशी पद्धत पडली. पुढे ते बंद जलवाहिनीतून थेट न्यायचे ठरले. नळाने नेल्यास गळती आणि दूषण कमी, हा शहराचा हिशेब होता. शेतकऱ्यांच्या हिशेबात धरण आणि रावेत यांच्यामधली वाहती नदी होती, ती सुकली तर काठावरचे पंप कशात टाकायचे? ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मारले गेले. त्यांत एक स्त्री होती. काम तिथेच थांबले.

इंद्रायणीवर मात्र नळाऐवजी पात्राचाच मार्ग घेतला गेला. आंद्रा धरणाचे पाणी नदीत सोडतात आणि देहूच्या खाली निघोजे येथील बंधाऱ्यातून उचलून चिखलीच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे नेतात. (कुकडीवरचे रांजणखळग्यांचे निघोज वेगळे.) याचा अर्थ असा, की लोणावळ्यापासून देहूपर्यंतच्या वस्तीचे जे सांडपाणी प्रक्रियेविना नदीत उतरते, ते पिंपरी-चिंचवडच्या पिण्याच्या पाण्याच्या वाटेवर येते. दुर्गंधीच्या तक्रारी झाल्या तेव्हा शहराला पहिल्यांदा जाणवले की तळेगावचा नाला हा आपलाही विषय आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातले ५३ नदीपट्टे प्रदूषित ठरवले. ही संख्या देशात सर्वाधिक होती आणि त्यांत इंद्रायणीही होती. त्यानंतर नदीसुधाराचे प्रकल्प अहवाल तयार होऊ लागले, आणि खोऱ्यातली गावे एका कागदावर शेजारी शेजारी आली.

तळेगावजवळ इंदोरीच्या हद्दीत कुंडमळा आहे. इंद्रायणीने तिथे काळ्या खडकात कुंडे कोरली आहेत. पावसाळ्यात पाणी त्यांतून घुसळत जाते आणि ते पाहायला गर्दी होते. पलीकडे शेलारवाडी. दोन्ही काठांना जोडणारा लोखंडी पूल मुळात काठावरच्या लोकांच्या रोजच्या ये-जा करण्यासाठी, सुमारे तीस वर्षांपूर्वीचा. १५ जून २०२५ ला, रविवारी दुपारी, पर्यटकांनी भरलेला तो पूल नदीत कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. तो पूल धोकादायक झाला होता हे ठाऊक होते आणि त्याच्या जागी नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. जुना मात्र तोवर तसाच उभा होता.