वाड्यांतील जुनी मॉरिस

नारायण पेठेंतील आमच्या वाड्याच्या चौकांत एक लहानशी बंदिस्त मालमोटार जवळजवळ पन्नास वर्षें जागची हालली नव्हती. उन्हाळ्यांत तिच्या टपावर कुरडया-पापडांचीं वाळवणें पडत, पावसाळ्यांत मांजरीचीं पिलें तिच्या आश्रयास जात, आणि लपंडाव खेळणाऱ्या मुलांच्या दोन पिढ्यांना तिनें पाठीशीं घातलें. ती कधीं काळीं चालत असे, हें घरांतील तरुण मंडळींना केवळ ऐकून ठाऊक होतें. गेल्या दोन वर्षांत ती पुन्हां चालूं लागली. त्या निमित्तानें या गाडीचा, तिच्या जातीच्या गाड्यांचा आणि ओघानें आपल्या शहराचाहि थोडासा इतिहास श्रोत्यांपुढें ठेवावा, असा आज विचार आहे. राजेमहाराजांच्या रोल्स-रॉइस गाड्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. कागदाचीं रिमें वाहणाऱ्या गाडीची बखर मात्र कोणी लिहीत नाहीं.

गाडी मॉरिस कंपनीची, 'झेड' नमुन्याची. हा नमुना इंग्लंडांत १९४० पासून १९५३ पर्यंत निघत होता, आणि तेथील पोस्टखात्यानें टपालाच्या व टेलिफोनच्या कामासाठीं तो मोठ्या प्रमाणावर वापरला. भार वाहण्याची मर्यादा पांच हंड्रेडवेट, म्हणजे ५६० पौंड. आपल्या जुन्या मापानें पावणेसात मणांच्या आसपास. माझे थोरले काका, ज्यांना आम्ही सर्व मुलें तात्या म्हणत असूं, यांचा छापखाना त्याच वाड्याच्या तळमजल्यावर होता. त्यांनीं ही गाडी १९४९ सालीं घेतली. तोंपर्यंत स्टेशनावरून कागद टांग्यानें अगर हातगाडीनें येई, आणि पावसांत भिजलेल्या रिमांविषयीं तात्यांचा व हमालांचा जो संवाद होई तो नभोवाणीवरून सांगण्याजोगा नाहीं.

ज्याच्या नांवाची ही गाडी, तो विल्यम मॉरिस १८७७ सालीं जन्मला. १८९३ त, अवघ्या चार पौंडांच्या भांडवलावर, त्यानें ऑक्सफर्ड येथें राहत्या घरींच सायकली दुरुस्त करण्याचें काम सुरू केलें. त्यापूर्वीं पांच वर्षें, म्हणजे १८८८ त, बेळगांवांत लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं सायकलींचेंच दुकान काढलें होतें. मॉरिस १९१३ मध्यें मोटारी करूं लागला आणि पुढें लॉर्ड नफील्ड झाला. लक्ष्मणराव नांगर करूं लागले. बेळगांवची जागा नगरपालिकेमुळें सोडावी लागली तेव्हां औंधच्या अधिपतींनीं त्यांना कुंडलजवळचें माळरान दिलें, आणि १९१० त तेथें किर्लोस्करवाडी उभी राहिली. दोघांची सुरुवात इतकी सारखी आणि पुढचा मार्ग इतका निराळा कां झाला, याचें उत्तर दोघांच्या अंगच्या गुणांत शोधण्यापेक्षां त्यांच्या त्यांच्या देशाच्या स्थितींत शोधावें, असें मला वाटतें. तो विषय स्वतंत्र भाषणाचा आहे.

गाडीचें एंजिन पाहिलें म्हणजे प्रथम नवल वाटतें तें त्याच्या अरुंद व लांबोड्या घडणीचें. नळकांड्याचा व्यास ५७ मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर! याचें कारण यंत्रशास्त्रांत नाहीं, करखात्यांत आहे. इंग्लंडांत १९२१ पासून दर अश्वशक्तीस एक पौंड याप्रमाणें मोटारींवर वार्षिक कर बसूं लागला, आणि ही अश्वशक्ति मोजावयाची ती केवळ नळकांड्यांच्या व्यासावरून व संख्येवरून. धांव कितीहि असो, करवसुलीच्या गणितांत ती येतच नसे. साहजिकच कारखानदारांनीं व्यास आंखडला व धांव वाढवली. आमच्या गाडीच्या चार नळकांड्यांची क्षमता ९१८ घनसेंटिमीटर आहे. सरकारदरबारीं मात्र ती आठ अश्वशक्तीची. हा कर पुढें १९४८ च्या सुमारास बदलला. परंतु त्याच्या भीतीनें जन्मलेलीं एंजिनें जगभर पसरलीं होतीं. अशा एंजिनास वेग बेताचा, पण मंद गतीनें ओझें ओढण्याची चिकाटी मोठी. पुण्याच्या पेठांतील गल्ल्यांना, जेथें पुढें सायकलस्वार आणि बाजूस म्हैस, याहून योग्य एंजिन मुद्दाम घडविलें असतें तरी साधलें नसतें.

आणखी एक मौज. मॉरिसचीं एंजिनें कोव्हेंट्री येथील ज्या कारखान्यांत होत, तो मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा; मॉरिसनें तो १९२३ त विकत घेतला. यंत्रें फ्रेंच, त्यामुळें आटे मेट्रिक मापाचे पडत. पण इंग्रज कामगारांच्या हातांतील पाने इंग्रजी मापाचे, म्हणून नटांचीं व बोल्टांचीं डोकीं इंग्रजी मापाचीं ठेवलीं. बाहेरून इंग्रज आणि आंतून फ्रेंच अशा या बोल्टांनीं आजवर किती मिस्त्र्यांचा धीर पाहिला असेल, कोण जाणे! नाना पेठेंत नव्या बोल्टांसाठीं मी तीन दुकानें हिंडलों तेव्हां प्रत्येक ठिकाणीं नमुना हातांत घेऊन दुकानदार आधीं हंसला.

तात्यांच्या हयातींत गाडीला वर्षांतून दोनदां विशेष महत्त्व येई. जूनमध्यें शाळा उघडतांना, आणि दिवाळीच्या आधीं पंधरा दिवस, जेव्हां दिवाळी अंकांचे गठ्ठे ओल्या शाईसह अप्पा बळवंत चौकांत पोंचवावे लागत. मागच्या भागांत तात्यांनीं सुतारांकडून सागवानी फळ्या बसवून घेतल्या होत्या. गठ्ठ्यांवर बसून जाण्याचा मान आम्हां मुलांपैकीं एकालाच मिळे, आणि त्यासाठीं होणारीं भांडणें दिवाळीपर्यंत पुरत.

१२ जुलै १९६१ या दिवशीं मी आठ वर्षांचा होतों. सकाळीं पानशेतचें धरण फुटलें. खालचें खडकवासल्याचें धरणहि तो लोंढा सोशूं शकलें नाहीं. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलें. आम्हां मुलांना घेऊन बायका पर्वतीच्या बाजूस निघाल्या. परत आलों तेव्हां छापखान्याच्या खोलींत गुडघाभर चिखल होता आणि खिळ्यांच्या पेट्या उलथ्या पडल्या होत्या. देवनागरीचे शेंकडों घरांत वेगळे ठेवलेले खिळे एका लगद्यांत एकत्र झाले होते. गाडी चौकांतच होती. तिच्या पुढच्या कांचेवर, बसणाऱ्याच्या हनुवटीच्या उंचीवर, पाण्याची रेघ उमटली होती. तात्यांनीं ती सुरू करण्याचा प्रयत्न कोणालाहि करूं दिला नाहीं. प्रथम सर्व तेल काढून टाकलें, एंजिन रॉकेलनें धुतलें, पुन्हां तेल भरलें, पुन्हां काढलें. पांचव्या आठवड्यांत ती चालूं लागली. छापखाना पुन्हां उभा राहण्यास मात्र वर्ष लागलें. खिळे वेंचण्याचें काम घरांतील बायकांनीं केलें, ही गोष्ट छापखान्याच्या पुढील स्मरणिकेंत कोठेंहि नमूद नाहीं, म्हणून ती येथें सांगतों.

गाडी थांबली ती पुरामुळें नव्हे. १९५३ त सरकारनें असें धोरण ठरविलें कीं, ज्या कंपन्या क्रमाक्रमानें संपूर्ण गाडी याच देशांत करतील त्यांनाच येथें स्थान असावें. धोरण योग्यच होतें. पण त्यामुळें आमच्यासारख्या परदेशी गाड्यांच्या सुट्या भागांची आवक आटली. पुढें १९५८ मध्यें बजाज टेम्पो कंपनी स्थापन झाली आणि 'हॅन्सीट' ही मूळची जर्मन तीनचाकी येथें होऊं लागली. थोड्याच वर्षांत शहरांतील किरकोळ मालवाहतूक तिनें व्यापली, इतकी कीं 'टेम्पो' हें कंपनीचें नांव मराठींत सामान्यनाम होऊन बसलें. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनीं तेलाच्या किंमती वाढविल्या, पेट्रोल महागलें, आणि १९७४ त तात्यांनीं गाडी चौकांत लावली ती कायमची. विकली मात्र नाहीं. १९८१ त ते गेले.

वाडा आतां बिल्डरच्या हातीं गेला आहे. दसऱ्यापर्यंत चौक रिकामा करावयाचा होता. तात्यांचे चिरंजीव, म्हणजे माझे चुलतबंधु, यांचें म्हणणें असें कीं गाडी भंगारांत द्यावी, नाहीं तर संग्राहकास विकावी. एक गृहस्थ चांगली किंमत देत होतेहि. पण ते तिला नवा रंग देणार, आणि बाजूवर तात्यांनीं रंगविलेलें छापखान्याचें नांव पुसणार. "अरे, छापखाना गेला, वाडा गेला, मग गाडी ठेवून काय करणार आहेस?" असें त्यांनीं मला विचारलें. मला उत्तर सुचलें नाहीं, आजहि सुचलेलें नाहीं. मीं एवढेंच म्हटलें, कीं ती चालूं शकते कीं नाहीं तें आधीं पाहूं द्या.

ज्यांच्यावर मीं हें काम सोंपविलें ते मिस्त्री पंचाहत्तरी ओलांडलेले. पंधरासोळा वर्षांचे असतांना तात्यांच्या या गाडीचीं चाकें त्यांनीं धुतलीं होतीं. डोळ्यांना आतां कमी दिसतें. म्हणून पाहावयाचें मीं आणि सांगावयाचें त्यांनीं, अशी वांटणी झाली. पहिली ताकीद तीच, जी पुरानंतर तात्यांनीं दिली होती: हँडल मारावयाचें नाहीं. गंजलेल्या नळकांड्यांत अडकलेला दट्ट्या जोरानें फिरविला तर कडीं तुटतात आणि भिंती खरवडतात. आम्ही प्लग काढून आंत रॉकेल व तेल यांचें मिश्रण सोडलें आणि वाट पाहिली. रोज सकाळीं हँडलवर हात ठेवून किंचित् दाब द्यावयाचा, बस्स. तेविसाव्या दिवशीं तें बोटभर सरकलें. मिस्त्री म्हणाले, "दादा, आतां आजच्यापुरतें पुरे."

या एंजिनाच्या झडपा माथ्यावर नसून कुशीला असतात. आठांपैकीं दोन झडपा उघड्या स्थितींतच चिकटून बसल्या होत्या. त्या हलक्या हातानें ठोकून सोडवाव्या लागल्या. पाण्याच्या अभिसरणास पंप नाहीं. आपल्या जुन्या स्नानगृहांतील बंबाप्रमाणें तापलेलें पाणी आपोआप वर चढतें, रेडिएटरमध्यें निवतें व खालीं उतरतें. या योजनेंत बिघडण्यासारखें जवळजवळ कांहीं नसतें, मात्र वाटा मोकळ्या हव्यात. आमच्या तुंबल्या होत्या. रेडिएटरची वरची टांकी तांबट आळींतील एका कारागिरानें नवी करून दिली. ब्रेक तेलाच्या दाबावर चालणारे. त्यांतील रबर दगड झालें होतें आणि सिलिंडर गंजानें खड्ड्याखड्ड्यांचे झाले होते. ते लेथवर मोठे करून आंत पितळी अस्तर घातलें. एंजिन न चालल्यास गाडी जागीं राहते, ब्रेक न चालल्यास ती कोठें जाईल तें सांगतां येत नाहीं. म्हणून या कामांत मीं खर्चाकडे पाहिलें नाहीं.

टांकींतील पेट्रोलाची राळ झाली होती. नव्या पेट्रोलाचा प्रश्न निराळाच. त्यांत आतां २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें पाणी ओढून घेतें व जुन्या रबरास खातें. म्हणून नळ्या व पंपाचे पडदे नव्या प्रकारच्या रबराचे घातले, आणि गाडी उभी ठेवावयाची तेव्हां टांकी रिकामी ठेवावयाची, असा नियम केला.

दारांच्या खालच्या पोकळींत हात घातला तेव्हां बारीक, पिवळसर, वाळून कठीण झालेला गाळ निघाला. दुसऱ्या कोणत्याहि पावसानें तेथें गाळ आणला नसता. १९६१ चा तो. तो चाळतांना शिशाचे तीन खिळे मिळाले: एक 'ळ', एक जोडाक्षराचा तुकडा, आणि एक पूर्णविराम. मीं ते चुलतबंधूंना नेऊन दाखविले. त्यांनीं ते ठेवून घेतले. त्यांच्या आईनें पुरानंतर कित्येक महिने खिळे वेंचले होते. गाडी विकण्याची गोष्ट त्यानंतर त्यांनीं काढली नाहीं, जरी मत बदलल्याचेंहि कधीं बोलले नाहींत.

ती सुरू झाली त्या दिवशीं चौकांत आम्ही दोघेच होतों. किल्ली फिरवतांच विजेचा पेट्रोल-पंप टिकटिक करूं लागला, आणि पेट्रोल भरल्यावर ती टिकटिक मंदावत थांबली. मिस्त्र्यांनीं मान डोलावली. त्यांना पाहण्याची गरज नव्हती. चवथ्या फेऱ्यास एंजिन खोकलें, निळा धूर निघाला, वरच्या मजल्यावरील कबुतरें उडालीं. अकरा मिनिटें चाललें. मग पाणी उकळलें आणि बंद करावें लागलें. तीन कानशा खरेदी करून आम्ही पुन्हां पहिल्यापासून सुरुवात केली.

पन्नास वर्षांवरील, मूळ स्थितींत राखलेल्या गाड्यांसाठीं केंद्र सरकारनें २०२१ मध्यें स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, आणि रोजच्या वाहतुकीस मनाई. आमचे जुने कागद पुराच्या चिखलांत गेले असल्यामुळें ते काम अद्याप पुरें व्हावयाचें आहे. तेव्हां रस्त्यावरून ती न्यावयाची तर दुसऱ्या मोटारीवर चढवूनच. पण चौकांतून गल्लीपर्यंत ती स्वतःच्या बळावर जाईल, असा मीं हट्ट धरला. अडचण आली ती भलतीच. पन्नास वर्षें डांबरावर डांबर चढून गल्ली वाड्याच्या उंबऱ्याहून हातभर उंच झाली होती. शेवटीं छापखान्याच्या जुन्या मेजांच्या फळ्या मांडून चढ तयार केला. मिस्त्री शेजारीं बसले, मीं पहिला गिअर टाकला, आणि ती धापा टाकीत पण न थांबतां वर आली. चुलतबंधु गाडींत बसले नाहींत. मागून चालत आले, आणि फळ्या उचलून त्यांनीं भिंतीशीं नीट लावून ठेवल्या.

सध्यां ती एरंडवण्यांतील एका स्नेह्यांच्या शेडमध्यें आहे. ब्रेक दाबला कीं डावीकडे ओढते. मिस्त्री म्हणतात, पुढच्या आठवड्यांत पुढचे ड्रम पुन्हां खोलून पाहूं.